गोळ्यांचं वाक्य

५ जानेवारी

हेतलने नोकरी सोडली. बडोद्यात मकरपुऱ्याला आमच्या कंपनीच्या फाटकासमोर चहाची लारी, म्हणजे हातगाडी, आहे, तिथे येऊन सांगितलं. साबण आणि मसाल्यांच्या जाहिराती लिहून कंटाळली म्हणे. आता स्वतःचा पॉडकास्ट. अध्यात्मावर.

"तारे बस बोलवानुं. बाकी बधुं मारुं."

मी फक्त बोलायचं, बाकी सगळं तिचं. मी पंपांची कंपनं मोजते. बेअरिंग गेलंय की पाया सैल आहे, ते आलेख बघून सांगते. तिला आठवण करून दिली.

"एटले ज तो. व्हायब्रेशनची एंजिनिअर अध्यात्मावर बोलते. लोक तुटून पडतील."

"हेतल, आमच्याकडे व्हायब्रेशन वाढलं की मशीन बंद करतात."

"हे पण बोल ने, माइकसमोर."

महिनाअखेर सांगते म्हटलं. नाहीच म्हणायचं असतं तर तिथेच म्हटलं असतं. हे तिला माहीत आहे, म्हणून तिने चहाचे पैसे दिले.

६ जानेवारी

जेवताना घरी विषय काढला. बाबा म्हणाले, "अध्यात्मावर बोलायला वय लागतं. नाहीतर दाढी." आई हसली नाही. "कानाचं बोलणार नाहीस ना त्यात?" आईला स्थळांची काळजी. सुरतच्या मंडळींना कानाचं अजून सांगितलेलं नाही.

कानाचंच तर बोलायचं आहे. हेतलला माझ्याकडून दुसरं काय हवं असणार?

एकदा नीट लिहून ठेवते. गेल्याच्या गेल्या वर्षी सकाळी उठले तर डावा कान बंद. मळ असेल वाटलं. आतल्या नसेचा दोष निघाला. स्टेरॉइडच्या गोळ्या, मग कानाच्या पडद्यातून इंजेक्शनं. डॉक्टर म्हणाले, काहींचं ऐकू येणं परततं, काहींचं नाही, काहींचं औषधाशिवायही परततं. माझं अर्धवट परतलं. वरच्या पट्टीतलं अजून नाही. त्याच दिवसांत पहाटे बसायला लागले. सतरंजी, पाठीला भिंत, डोळे मिटलेले. मंत्र नाही, अ‍ॅप नाही. कान (अर्धा) आला आणि बसणं चालूच राहिलं. घरच्यांना वाटतं मी योगासनं करते. हेतलला एकदाच सांगितलं होतं, सयाजीगंजात ट्रॅफिकमध्ये अडकलो असताना. तिने ते इतके दिवस सांभाळून ठेवलं.

८ जानेवारी

जेवणाच्या सुट्टीत इतरांचे पॉ. (यापुढे असंच लिहीन) ऐकले. एकाने प्रेमाची फ्रिक्वेन्सी हर्ट्झमध्ये सांगितली. सेन्सर कुठे लावला होता ते सांगितलं नाही. दुसऱ्या बाईंचा आवाज फार छान, आणि त्या प्रत्येक प्रश्नाला "तुमच्या प्रवासाबद्दल सांगा" म्हणतात. समोरचा सांगतो. सगळ्यांचा प्रवास सारखाच: आधी वाईट, मग एक घटना, मग चांगलं.

याच्यापेक्षा बरं मला करता येईल. गर्व नाही, अंदाज आहे. मी खोटं बोलणार नाही एवढ्यानेच निम्म्यांच्या पुढे जाईन.

११ जानेवारी

चाचणी. अलकापुरीत हेतलच्या ओळखीच्या एकाचा स्टुडिओ आहे, खालच्या मजल्यावर दातांचा दवाखाना. खोलीला चहूबाजूंनी फोम. दार लावलं की कानांवर उशी दाबल्यासारखं. हिंदीत बोलायचं ठरलं. माझं हिंदी शुद्ध आणि कोरडं, हेतल म्हणते तेच चालतं, गंभीर वाटतं.

कान, गोळ्या, इंजेक्शनं, बसणं. सगळं क्रमाने सांगितलं. कान औषधाने आला, कदाचित आपोआप. बसण्याने आला असं म्हणायला माझ्याकडे काहीही आधार नाही, हे स्पष्ट सांगितलं. अडखळले नाही. संपलं तेव्हा हेतल काचेपलीकडून अंगठा दाखवत होती.

चांगलं झालं. मला कळतं चांगलं झालेलं.

१३ जानेवारी

कालही, आजही. बसले की वाक्यं येतात. पहिल्या एपिसोडची सुरुवात, मग त्याहून बरी सुरुवात. आजची तर फारच बरी होती. पूर्वी विचार यायचे ते कुणाला ऐकवायचे नसत. आता प्रत्येकाला श्रोता आहे. उठून वाक्य लिहून घ्यावंसं वाटलं. नाही उठले. पण उरलेला वेळ ते विसरू नये म्हणून घोकण्यात गेला.

हे नुकसान आहे. किती, ते अजून सांगता येत नाही.

१४ जानेवारी

उत्तरायण, संक्रांतीचे पतंग. दरवर्षीप्रमाणे हेतलच्या घरी, पाणीगेटला, गच्चीवर. चारी बाजूंच्या गच्च्यांवर स्पीकर. मी डावी बाजू टाकीकडे करून उभी राहते, त्यातल्या त्यात बरं पडतं. उंधियू, जिलेबी. हेतलच्या मम्मी दर वेळी म्हणतात, "मराठी लोको उंधियामां पण शेंगदाणा शोधे," आणि मी दर वेळी शोधते.

दुपारी हेतलने गाणी बंद केली आणि फोन स्पीकरला जोडला. ट्रेलर केला होता. मला दाखवला नव्हता. सरप्राइझ.

माझा आवाज तिच्या गच्चीवरून अख्ख्या गल्लीत गेला. एका सकाळी माझा कान बंद झाला. मी रोज पहाटे बसायला लागले. आज मी ऐकू शकते. मागे तानपुरा.

तिन्ही वाक्यं माझी. तिन्ही खरी. क्रमही खरा.

टाळ्या झाल्या. हेतलचे काका फिरकी खाली ठेवून माझ्या कानाकडे बघायला आले. हात जोडले त्यांनी. मला नाही, कानाला.

जिन्यात तिला गाठलं.

"गोळ्यांचं वाक्य कुठे गेलं?"

"आहे ने, पूर्ण एपिसोडमध्ये."

"ट्रेलरमध्ये का नाही?"

"ट्रेलरमां गोळी कोण सांभळे, अनघा? कोण ऐकतं? ट्रेलरमध्ये लोकांना आत आणायचं असतं. आत आले की देऊ ने गोळी."

तिचा चेहरा बघितला. खरंच कळलं नव्हतं तिला. आणि ट्रेलर सकाळीच तिच्या घरच्या ग्रुपवर टाकून झाला होता.

१५ जानेवारी

सुट्टी. हेतलला एकच ओळ पाठवली: ट्रेलर सगळीकडून काढ. तिने काढला. लगेच काढला, वाद न घालता, हे तिच्या बाजूने लिहून ठेवते.

पण तिच्या मासीने, पादरा गावच्या कोकिळामासीने, काढायच्या आधीच ऐकला. मासीचा उजवा कान दिवाळीनंतर गेला आहे. माझ्यासारखाच, एका सकाळी. ती विचारते आहे, ती मुलगी कशी बसायची ते मला सांगेल का.

पहिला विचार: हिने गोळ्या बंद केल्या तर.

१६ जानेवारी

मासीला फोन लावला. अर्धं ऐकू आलं नाही तिला. मी मोठ्याने "दवा चालू राखजो" म्हणत होते, आमचा सुपरवायझर बघत होता. पलीकडून, "हा हा, रविवारे आव, जमीने जजे." म्हणजे जेवूनच जा. फोन ठेवला तिने.

१७ जानेवारी

मंदाआत्याकडे. बाबांची धाकटी बहीण, दांडिया बाजारात राहते, शाळेत गणित शिकवायची आणि अजूनही कीर्तन करते. चाचणीचं रेकॉर्डिंग तिला आधी पाठवलं होतं, ट्रेलरचंही सांगितलं होतं. सगळं ऐकलं म्हणाली, दोनदा डुलकी लागली तरी परत मागे नेऊन ऐकलं.

"कसं वाटलं?"

"टेस्ट रिपोर्ट चांगला आहे. प्रत्येक वाक्याला 'हे सिद्ध झालेलं नाही' अशी शेपटी. अगं, समोर माणूस बसलाय. हेतलने गोळ्या काढल्या म्हणून तू चिडलीस. तू गोळ्या सोडून बाकीचं सगळं काढलंस."

मी म्हटलं, खोटं बोलण्यापेक्षा बरं. ती म्हणाली, बरं आहेच, पण त्यासाठी कुणी कान देऊन का बसावं.

मग कीर्तनाचं निघालं. गादीवर उभं राहिल्यावर स्वतःचं सांगायचं नाही, हे तिला तिच्या गुरुजींनी पहिल्या दिवशी सांगितलं होतं. अभंग दुसऱ्याचा, आख्यान दुसऱ्याचं. स्वतःचं काय, तर आवाज आणि पाठांतर. मध्यंतरात बुक्का लावतात, हार घालतात, वडीलधारी माणसं पाया पडतात. पडू द्यायचं, कारण ते गादीच्या पडतात. आरती झाली, खाली उतरली, की ती आधी बाबांच्या पाया पडते. लहानपणापासून बघितलंय मी हे, पण ते प्रेमापोटी असेल असं धरून चालले होते.

"प्रेम कसलं, तुझ्या बाबांवर. उतरले हे मला कळावं म्हणून. तुझ्या त्या पॉडकास्टमध्ये उतरायची जागा कुठे आहे?"

"स्टॉपचं बटण असतं."

"ते मशीनचं झालं."

चहा झाला. निघताना म्हणाली, "करू नको म्हणत नाहीये हं मी. तुझा आवाज चांगला आहे. हिंदी सोडलंस तर."

१८ जानेवारी

पादरा. स्कूटरने गेले.

कोकिळामासी पन्नाशीची, जाडजूड, हुकूम सोडणारी. तिचे यजमान बाजारात भाजीचे व्यापारी, घरात ओट्यापर्यंत वालपापडीची पोती. मासीची भजनमंडळी आहे, ती पेटी वाजवते. वाजवायची. आता सूर कळत नाही म्हणते.

आधी बसण्याची जागा ठरवावी लागली. तिचा उजवा गेलेला, माझा डावा कच्चा. मी तिच्या डाव्या हाताला बसले की दोघींचे चालणारे कान मधोमध येतात. तिने तीन खुर्च्या बदलल्या, मी सांगितल्यावर म्हणाली, "भणेली छे ने." शिकलेली आहे ना, म्हणून.

मी तयारी करून गेले होते. ट्रेलर अपुरा होता, औषध सोडू नका, हे सगळं गुजरातीत पाठ केलं होतं. तिने पूर्ण बोलू दिलं. मग खाकऱ्याच्या डब्यातून गोळ्यांची पाकिटं काढून माझ्यापुढे टाकली. एकही गोळी चुकलेली नव्हती.

"हुं गांडी थोडी छुं? गोळी डॉक्टर आपे छे. पण आखो दिवस कानमां सीटी वागे छे, तेनुं शुं? ते माटे तने बोलावी." ती काही वेडी नव्हती; दिवसभर कानात वाजणाऱ्या शिट्टीसाठी मला बोलावलं होतं.

म्हणजे मी जिला वाचवायला गेले होते ती कुठे बुडतच नव्हती. ट्रेलर तिने ऐकला होता, तानपुऱ्यासकट, आणि त्यातलं हवं तेवढं घेतलं होतं.

कसं बसायचं ते सांगितलं. सांगण्यासारखं फार नाहीच. मग तिने विचारलं, "तू कान माटे बेठी हती?"

हो म्हटलं. सुरुवातीला कानासाठीच. सौदा होता.

"तो कान आवी गयो. हवे केम बेसे छे?"

कान आला, मग आता का बसते, हे आत्तापर्यंत मला कुणी विचारलं नव्हतं. मीही नाही. सांगते म्हटलं. ती म्हणाली, "विचारीने कहेजे, उतावळ नथी," आणि वाढायला उठली.

येताना पिशवीभर पापडी दिली. आईने विचारलं, पादऱ्याला काय होतं? मैत्रिणीची मासी, म्हटलं. खरं आहे.

२२ जानेवारी

तिचा प्रश्न कामावरही सुटत नाही. चांगला प्रश्न आहे. मी ऐकलेल्या एकाही पॉ.मध्ये नव्हता. तिथे सगळे कसे सुरू झाले ते सांगतात.

पहाटे बसल्यावर वाक्यं अजून येतात, पण कमी. उत्तर तयार नसल्यामुळे असेल.

२६ जानेवारी

हेतल घरी आली. आई होती तोवर तीळपापडी आणि हवापाणी. मग गच्चीवर गेलो.

माझ्या अटी सांगितल्या. मी ऐकल्याशिवाय काहीही बाहेर जाणार नाही. तानपुरा नाही. वाक्यं कापायची तर अर्थासकट कापायची. हिंदी नाही.

"तू तो आखुं क्वॉलिटी डिपार्टमेंट."

"हो."

"मी नोकरी सोडलीय, अनघा. तू अजून टेस्टिंग करतेस. तुला भीती वाटते, लोक हसतील."

हसण्याची नाही वाटत. तुझ्या काकांनी कानाला हात जोडले त्याची वाटते, म्हटलं. ती म्हणाली, तिला त्या दिवशी रात्रभर बरं वाटत होतं, काकांनी पहिल्यांदा तिच्या कामाला हात जोडले म्हणून. "साबणाच्या जाहिरातीला कुणी जोडत नाही ने." हे मला सुचलं नव्हतं.

मासीचा प्रश्न तिला सांगितला. लगेच डोळे चमकले. "मासीला बोलावू. ती विचारेल, तू सांगशील. तू मराठीत सांग, ती गुजरातीत विचारेल, बडोद्यात कोणाला कळत नाही?"

वाईट कल्पना नाही. म्हणजे चांगली आहे. महिनाअखेरच्या मुदतीची तिने आठवण करून दिली. रेकॉर्ड करू, म्हटलं. बाहेर टाकायचं की नाही ते नंतर. तेवढ्यावर ती नाचत जिना उतरली.

२९ जानेवारी

आईने विचारलं, काय ठरलं? सांगितलं. ती भांडी आवरत राहिली. मग म्हणाली, "सुरतच्यांना मीच फोन करून कानाचं सांगते. नंतर कुठून तरी ऐकण्यापेक्षा." आईकडून ही अपेक्षा नव्हती. बाबा म्हणाले, "मग दाढीचं काय?"

१ फेब्रुवारी

मासी सकाळच्या बसने आली. जरीची साडी. हेतलने सांगितलं की फक्त आवाज असतो, कुणी बघणार नाही. "हुं तो देखुं छुं ने," मासी म्हणाली.

अलकापुरीच्या स्टुडिओत दार लावलं आणि मासी ताडकन उठली. "खोलो, खोलो." फोमच्या खोलीत बाहेरचं काही उरलं नाही, आणि तिच्या कानातली शिट्टी तेवढी राहिली, कुकरसारखी. खोली जितकी शांत, शिट्टी तितकी मोठी. हे मला आधी कळायला हवं होतं. कंपनं मोजणं हे माझं काम आहे, आणि मी कान गेलेल्या बाईला आवाज मेलेल्या खोलीत नेऊन बसवलं.

मी म्हटलं, गच्चीवर जाऊ. पाणीगेटला. हेतल कळवळली: कबुतरं, स्कूटर, शेजारची भांडी, रेकॉर्डिंगचा सत्यानाश. असू दे म्हटलं. ऐकणारी माणसंही कुठेतरी बसून ऐकतील, तिथे काय कमी आवाज असणार.

तारांवर अजून उत्तरायणातल्या पतंगांच्या चिंध्या. टाकीच्या सावलीत सतरंजी. मासी उजवीकडे, मी डावीकडे, कान मधोमध, माइक त्यांच्यामध्ये. समोर हेतल, हेडफोन लावून.

मासीने कुणी न सांगता सुरुवातीलाच सांगून टाकलं, की पहिलं डॉक्टर, पहिली गोळी, त्यानंतर हे, आणि ज्याला उलटं करायचं असेल त्याने तिच्याकडे पादऱ्याला यावं, दोन थपडा मिळतील. मी इतक्या शेपट्या लावून जे सांगितलं होतं ते.

मग प्रश्न. कान आला, अजून का बसतेस?

उत्तर गेल्या चार-पाच दिवसांत जुळत आलं होतं. पाठ केलं नव्हतं. जसं बोलले तसं:

एक कान कच्चा असला की आवाज कुठून आला ते कळत नाही. हॉर्न डावीकडे की उजवीकडे, हाक मागून की पुढून. मी दिवसभर मान वळवत असते. प्रत्येक आवाजाला. लोकांच्या लक्षात येत नाही, मी सफाईने करते. पहाटे बसते तेव्हा आवाज येतात, दूधवाला, कुत्री, पंप, आणि मी मान वळवत नाही. कुठून आला ते शोधत नाही. तेवढा वेळ शोधत नाही. म्हणून बसते.

मासीने लगेच विचारलं,

"बस? आटलुं ज?"

"एवढंच."

"तो ए तो हुं पण करी शकुं."

खाली कुणीतरी भंगारवाल्याशी घासाघीस करत होतं, तेही आलं असणार रेकॉर्डिंगमध्ये. मासीने जरीच्या पदराने मान पुसली आणि थेट डोळे मिटून बसली, माइक चालू असतानाच. हेतलने माझ्याकडे बघितलं, बंद करू का म्हणून. मी मानेनेच नको म्हटलं.

नंतर मासी खाली हेतलच्या मम्मींकडे पोळ्या लाटायला गेली. मी केबल गुंडाळत होते. पूर्ण ऐकून मग ठरवायचं, हे बोलून झालेलं होतं, आणि मंदाआत्याला, मासीला आधी ऐकवायचं. उतरायच्या जागेबद्दल माझ्याकडे अजून काही नाही. उद्या कामावर पंप आहेत, तिथे मला कुणी मानत नाही, ती एक जागा धरता येईल कदाचित. पुरेल का ते माहीत नाही.

हेतल बाजूला येऊन उभी राहिली. डाव्या बाजूला. हळू आवाजात विचारलं, "मूकीए ने, अनघा? टाकूया ने?"

त्या बाजूने, तेवढ्या आवाजात, मला ऐकू आलं नाही असं सहज धरता आलं असतं. तिनेही धरलं असतं.

मी तिच्याकडे मान वळवली.